कार्ड येईपर्यंत

तिने चमचा ओठांपाशी नेला, तसं म्हाताऱ्याने तोंड घट्ट मिटून घेतलं आणि भुवई उडवून दाराकडे खूण केली.

"नाही आलं अजून, आजोबा," ती म्हणाली.

मग त्याने तोंड उघडलं. सूप गिळताना गळ्याची घाटी वर चढली, मध्येच थांबली आणि मोठ्या नाखुशीने खाली उतरली.

थंडीपासून हे असंच चाललं होतं. त्याआधी त्याने जेवण जवळजवळ सोडलंच होतं. दुखणं असं काही नव्हतं. पुरे झालं आता, एवढंच म्हणे. जबरदस्ती करू नका, असं डॉक्टरही सांगून गेले होते. त्याची लेक फोनवर रडायला लागली की तो फोन उशीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसे.

तिचा इथला परवाना या म्हाताऱ्याच्या नावाला बांधलेला होता. याच घरात राहून याच माणसाची देखभाल करायची, या अटीवर ती परदेशात आली होती. आता नियमाप्रमाणे वर्षं भरली होती आणि कुणाच्याही नावाला न बांधलेलं, इथे राहण्याचं स्वतःचं कार्ड मिळावं म्हणून तिने अर्ज केला होता. पण निकाल लागायच्या आत म्हातारा गेला, तर अर्ज बाद आणि महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. मधल्या काळात ती देशाबाहेर पडली, तरी अर्ज बादच.

म्हणून थंडीत तिचे वडील गेले तेव्हा ती इथेच होती. भावाने फोन कपाटाला टेकवून उभा केला होता. त्यात तिला बाबांचे फक्त पाय दिसत राहिले. फोन जरा वर कर, एवढं सांगणंही तिला जमलं नाही. नंतर तिने तोंड धुतलं आणि म्हाताऱ्याची नखं कापायला बसली. त्या दिवशी नखांचा वार होता.

"आज लक्ष कुठे आहे तुझं?" तो म्हणाला. "बोट ठेवशील ना शिल्लक?"

तेव्हा तिने सांगितलं. का गेली नाहीस, असं त्याने विचारलं म्हणून परवान्याचंही सांगितलं. त्याने उरलेली बोटं तिच्यापुढे धरली. संध्याकाळी मात्र त्याने स्वतःहून हाक मारली.

"आण तुझं ते सूप. मी मध्येच टपकलो तर तुझी पंचाईत व्हायची."

तेव्हापासून रोज पहिल्या घासाआधी तो कार्डाचं विचारायचा, आणि उत्तर ऐकून कडू औषध घ्यावं तसा जेवायचा. कार्ड आल्यावर काय, हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. तिनेही विचारलं नाही.

पूर्वी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढण्यात त्याची सगळी हयात गेली होती. अंग पुसताना एकदा तो रंगात आला.

"वरून पहिलं काय ओरडायचं, ठाऊक आहे? दहा मिनिटांत काढतो. मोटर पार जळालेली असली तरी दहाच मिनिटं."

"आणि जास्त वेळ लागला तर?"

"तर पुन्हा दहा मिनिटं. शिव्या घालतात, पण तग धरतात."

"खरं कधीच नाही सांगितलं?"

"एकदा सांगितलं होतं," तो म्हणाला आणि पुसायला दुसरा हात पुढे केला.

बेल वाजली तेव्हा ती सूप गाळत होती. पोस्टमन सही घेऊन गेला. जिन्यातच उभं राहून तिने पाकीट फाडलं. कार्डावर तिचं नाव होतं, दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. फोटो थंडीच्या आधीचा होता. बाबा असतानाचा. त्या चेहऱ्यावरून तिने अंगठा फिरवला. आता तिला घरी जाता येणार होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार ओढून घेतलं, तशी ती भानावर आली आणि कार्ड ॲप्रनच्या खिशात टाकून आत गेली.

"कोण होतं?"

"शेजारच्यांचं पार्सल."

तिने त्याच्या पाठीशी उशी लावली, गळ्याशी नॅपकिन खोचला, चमचा भरला. त्याने तोंड मिटलेलंच ठेवलं.

"कार्ड आलं?"

तिने चमच्यावर फुंकर घातली. सूप केव्हाच निवलं होतं, तरी पुन्हा एकदा घातली.

"नाही. आठवडाभरात येईल, म्हणतात."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग त्याने मान मागे टेकवली आणि नजर वर छताकडे नेली.

"आठवडाभरात," तो सावकाश म्हणाला.

आणि त्याने तोंड उघडलं.