माळ्यावरचे स्टूल खाली आले

मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे आणि मला फार राग आला आहे. आमच्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळव्या होतात. मी होणार नाही. ज्या दिवसाची गोष्ट सांगायची आहे, तो दिवसच तसा होता.

दारे-खिडक्या करून उरलेल्या लाकडातून एका सुताराने मला घडवले. चारही पाय जमिनीला नीट टेकेपर्यंत तो तासत राहिला. मग स्वतः बसून पाहिले आणि "डगमगत नाही हं!" म्हणत माझ्यावर थाप मारली. तेवढे कौतुक मला पुष्कळ वर्षे पुरले. तिथून मी चपला-बुटांच्या एका दुकानात आले. म्हातारे मालक होते तोवर दुकानातल्या बायका गिऱ्हाईक नसले की आळीपाळीने माझ्यावर टेकायच्या, पोटऱ्या चोळायच्या, एकमेकींच्या सासवांची नक्कल करायच्या.

म्हातारे गेले आणि मुलगा मालक झाला. "बसलेली माणसं दिसली की दुकान झोपलंय असं वाटतं," असे म्हणून त्याने मला माळ्यावर धाडले. स्वतःची गल्ल्यामागची फिरती खुर्ची मात्र ठेवली. माझ्यावर न खपलेल्या बुटांची खोकी रचली गेली. मित्रांनो, बसण्यासाठी केलेल्या वस्तूवर सहा वर्षे कुणी बसले नाही!

माळ्यावर एक माणूस काम करायचा. खालून बायका ओरडायच्या, "सदतीस, काळी, बिनटाचेची!" की हा जमिनीतल्या चौकोनी भोकातून नेमके तेच खोके खाली सोडायचा. सगळे त्याला गमतीने माळेकर म्हणत. त्याची बायको खाली चपला विकायची.

त्या दिवशी दुकान उघडण्याआधी दोघेही शिडी चढून वर आले. पहाटेच घरी तपासून पाहिले होते. बाळ येणार होते.

"दोन रेघा होत्या ना नक्की?" त्याने विचारले.

"तूही पाहिल्यास की. आता दुर्बीण आणू का?"

दोघे हसले. मग तो म्हणाला, "आजच मालकाला सांगू. तुला बसायला मिळायलाच हवं."

तिचे हसू मावळले. "मुलांच्या बुटांकडची ती आठवते? तिनंही सांगितलं होतं. 'आराम करा, पुढचं बघू' म्हणाला. काय बघितलं पुढचं? परत घेतलं का तिला?"

"मग मी बोलतो! समजतो कोण स्वतःला?"

"ओरडू नको. बाळ माझ्या पोटात आहे आणि चढतोय आवाज तुझा. तू भांडशील, दोघांची नोकरी जाईल, मग तुझा बाणेदारपणा शिजवून खायचा का?"

त्याने माझ्यावरच्या खोक्यावर मूठ आपटली. ती शिडी उतरू लागली तेव्हा तो हात धरायला पुढे झाला. "सोड," ती म्हणाली.

मी आतून धुमसत होते. आनंदाचा पहिला दिवस, आणि नवराबायको भांडत होती. कशासाठी? बूडभर जागेसाठी! ती तर मी होते, खोक्यांखाली गाडलेली.

त्या दिवशी गर्दी फार होती. ती गुडघ्यावर बसून लोकांच्या पायांत चपला चढवत होती, उठत होती, पुन्हा वाकत होती. माळेकर खोकी टाकण्याऐवजी खाली उतरून तिच्या हातात देऊ लागला. "आज काय पाहुणचार चाललाय? वरूनच सोड!" मालक खेकसला.

दुपार कलली. तिचा आवाज बारीक होत गेला.

"अडतीस, तपकिरी!"

"एकोणचाळीस, पट्ट्याची!"

आणि मग त्याच सुरात, "स्टूल!"

माळेकर क्षणभर थबकला. मग त्याने सगळी खोकी ढकलून दिली, मला खांद्यावर घेतले आणि शिडी उतरला. ती मांडणीला धरून उभी होती. चेहरा पांढराफटक. ती माझ्यावर बसली.

"हे कुणी आणायला सांगितलं?" मालकाने विचारले.

"मी."

"कशाला?"

"बसायला."

मालकाचे डोळे बारीक झाले. "काही विशेष आहे का? तसं असेल तर सांगा. आराम करा घरी."

माळेकर पुढे सरसावला. तिने त्याच्याकडे असे पाहिले की तो जागीच थांबला.

"विशेष काही नाही," ती म्हणाली. "दोन पाय आहेत. सकाळपासून उभे आहेत."

बाकावर बसून एका पायात चप्पल घातलेल्या म्हातारबाई म्हणाल्या, "बसू दे की रे. मी काय उभ्यानं चपला घेतेय?"

ती गिऱ्हाइकासाठी उठली, तशी मावशी येऊन माझ्यावर बसली. मावशी म्हणजे दुकानातली सर्वांत जुनी विक्रेती. तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या उठल्या होत्या. बसताना तिच्या तोंडून "आई गं" निघाले, ते मी विसरणार नाही.

गिऱ्हाईक पांगताच मालकाने मावशीला उठवले आणि मला मागच्या दाराबाहेर भिरकावले. माझा एक पाय चिरला. "भंगार आहे ते! आणि तुम्हा दोघांचं उद्या बघतो."

संध्याकाळी माळेकराने मला उचलले. बसथांब्यावर बसायला काही नव्हते. त्याने मला ठेवले, चिरलेल्या पायाला आपल्या बुटाचा टेकू दिला आणि तिला बसवले.

"सकाळी 'सोड' म्हणाले, त्याचा राग आला?"

"आला."

"मलाही दिवसभर राग येतोय. आधी तुझा आला, मग त्याचा. आता माझाच येतोय. इतकी वर्षं मागितलं का नाही मी?"

"उद्या काय करायचं?"

"हे घेऊन जायचं. भंगार म्हणून टाकलं ना त्यानं? मग आता आपलं झालं."

"आणि कामावरून काढलं तर?"

"काढू दे. पण ते मी बसून ऐकेन."

तो मोठ्याने हसला. मग तीही हसली आणि हसता हसता रडली. बस आली. "पुढची घेऊ," ती म्हणाली. "जरा बसू दे."

दुसऱ्या दिवशी पायाला पट्टी ठोकून घेऊन मी दुकानात गेले. पाहते तर मावशीनेही घरून एक स्टूल आणले होते! मालकाने आम्हा दोघांकडे पाहिले, आमच्यामागे उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिले आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. कुणाला काढले नाही. पण "बसा" हा शब्द त्याच्या तोंडून अजून निघालेला नाही.

म्हणून मित्रांनो, माझा राग गेलेला नाही. माझी निगा राखा, असे मी सांगणार नाही. लाकडाला पट्टी ठोकता येते. पण तुम्ही दुकानात बसून पाय पुढे कराल, तेव्हा समोर वाकलेल्या बाईकडे बघा आणि मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात तिला विचारा, "तुमचे स्टूल कुठे आहे?" उत्तर मिळाल्याशिवाय चप्पल पायात घालू नका.