दोरीपलीकडची फुलं

शिट्टी ऐकली की माणसं आधी दचकतात, मग चिडतात आणि मग पाय मागे घेतात. आठ वर्षं फुलांच्या मोसमात जंगलातल्या वाटेवर उभं राहून तिला हे पाठ झालं होतं. बाकीचे स्वयंसेवक तिला शिट्टीबाई म्हणत.

एरवी ती पडदे शिवायची. बाजारामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या दुकानात, खिडकीशी तिचं मशीन होतं. पण थंडी सरली की चार आठवडे प्रत्येक शनिवार-रविवार ती जंगलात असे. झाडांना पालवी फुटण्याआधी जमिनीपर्यंत ऊन पोचतं, आणि तेवढ्या दिवसांत ही फुलं आपलं सगळं उरकून घेतात. पांढरी, बोटाच्या पेराएवढी. लोक त्यांना चांदणफुलं म्हणत आणि बघायला झुंडीने येत. बघणं ठीक होतं, पण फोटोसाठी कुणी मधोमध फतकल मारी, कुणी कडेवरचं पोर नेमकं फुलांत उभं करी. म्हणून वाटेला दोन्ही बाजूंनी दोरी बांधली होती.

"एक बी रुजून फूल यायला सात वर्षं लागतात," ती सांगायची. "पान तुडवलं की खालचा कंद उपाशी मरतो. तुमचं एक पाऊल म्हणजे सात वर्षं." एकदा तिने लग्नाच्या कपड्यांतल्या जोडप्याला दोरीबाहेर काढलं होतं. नवरी रडकुंडीला आली, तरी ही बधली नाही.

घरी ती आणि वहिनी, दोघीच. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. वर्षभराने दादाचं लग्न झालं आणि एकोणीस वर्षांची वहिनी घरात आली. तिच्या वेण्या घालणं, पाढे म्हणून घेणं, तापात उशाशी बसणं, सगळं वहिनीने केलं. स्वतःला मूल झालं नाही याचा तिने कधी उच्चार केला नाही. दादा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या हिवाळ्यात वहिनीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ती वॉकर धरून चालायला लागली, तेव्हा हिने तिला फुलं दाखवायला नेलं. वहिनी दोरीशी उभी राहून डोळे बारीक करत राहिली.

"छान आहेत गं, ढमे," ती म्हणाली. "मला आपला चुना सांडल्यासारखा दिसतोय, पण छान आहेत."

ते वाक्य हिच्या मनातून जाईना. आठवडाभर मशीनवर बसली की तेच ऐकू येई.

शनिवार-रविवार सोडले तर जंगल बंद असे. सोमवारी आत जायची परवानगी फक्त फोटोवाल्याला होती. त्याचा स्टेशनजवळ पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ होता आणि वीस वर्षं तो दर सोमवारी एकटा येऊन, वाटेवरूनच, कुठल्या तुकड्यात किती फुलं आली ते मोजून वहीत लिहायचा. रविवारी जाता जाता तो तिला म्हणाला, "उद्या मी नाही येत हं. दुकानाचं रंगकाम काढलंय."

तिच्याकडे फाटकाची किल्ली होती.

"परवानगी काढलीये," तिने वहिनीला सांगितलं. वहिनीने ठेवणीतली साडी नेसली.

तिने दोरीची गाठ सोडली. वॉकरचे चार पाय, वहिनीचे दोन, हिचे दोन, असं करत त्या पंधरा-वीस पावलं आत गेल्या. चादर अंथरून तिने वहिनीला खाली बसवलं. वहिनीने ओणवं होऊन एका फुलाला नाक लावलं. "अगं, याला मधाचा वास आहे! तू कधी बोलली नाहीस."

तिला तो ठाऊकच नव्हता. आठ वर्षांत ती कधी इतक्या जवळ गेली नव्हती.

बसणं सोपं होतं, उठणं जमेना. हिने काखेत हात घालून ओढलं, मागून ढकललं, वॉकर आडवा झाला, वहिनी कुशीवर कलंडली. "क्रेन बोलाव," वहिनी म्हणाली, आणि दोघी हसून हसून बेजार झाल्या. अर्ध्या तासाने एका झाडाच्या बुंध्यापर्यंत सरकत जाऊन वहिनी कशीबशी उभी राहिली.

तेव्हा हिने मागे पाहिलं. पलंगाएवढी जागा पार चेपून गेली होती. तिथपर्यंतची वाट वेगळीच. तिने दोन-चार देठ बोटांनी उभे करून पाहिले. ते परत आडवे पडले. तिने दोरी बांधली आणि वहिनीला घरी नेलं. वहिनी वाटभर गुणगुणत होती.

शनिवारी लोक आले. चेपलेली वाट त्यांना दोरीपलीकडे दिसली आणि ते दोरीखालून वाकून बिनदिक्कत आत जाऊ लागले. तिने शिट्टी फुंकली. एक गृहस्थ शांतपणे म्हणाला, "अहो, इथे वाट आहे की. आधी कुणीतरी गेलंच आहे ना?" तिने तोंडातली शिट्टी खाली सोडली. मोसम संपेपर्यंत तिथे खरोखरच वाट पडली.

स्वयंसेवकांच्या समितीची बैठक अध्यक्षांच्या दवाखान्यात झाली. ते दातांचे डॉक्टर होते. रुग्णांच्या बाकांवर सगळे दाटीवाटीने बसले. पहिली नासधूस रविवार संध्याकाळ ते शनिवार सकाळ यांच्यामध्ये झाली, हे स्पष्ट होतं. मधल्या दिवसांत आत जाणारा माणूस एकच.

"त्या सोमवारी मी गेलोच नाही," फोटोवाला म्हणाला. त्याने बाकांवरून नजर फिरवली आणि ती तिच्यावर थांबली. "यांना विचारा. यांना सांगितलं होतं मी. रंगाचं काम होतं."

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

फोटोवाला उठला. मग त्याने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली, वह्यांची पिशवी डॉक्टरांच्या पायाशी ठेवली आणि निघून गेला. डॉक्टर हळहळले. "चांगला माणूस होता," ते म्हणाले, जणू तो वारलाच होता.

ते वर्ष तिने कसं काढलं, ते तिचं तिलाच माहीत. स्टेशनकडे जायचं झालं तर ती लांबून वळसा घेई. शिवताना दोनदा सुई बोटात गेली. वहिनी मात्र शेजारणींना त्या सोमवारबद्दल सांगताना थकत नव्हती: "आमच्या ढमीने खास परवानगी काढली होती हो!"

पुढच्या वसंतात सगळीकडे फुलं आली. त्या वाटेवर आणि पलंगाएवढ्या जागेत एकही नाही. नुसती कडक, काळी माती. ती तशीच, शिट्टी गळ्यात घालून, स्टुडिओत गेली.

"पासपोर्टचा?" फोटोवाल्याने विचारलं. ती हो म्हणाली, कारण दुसरं काही म्हणायचा धीर झाला नाही. त्याने तिला स्टुलावर बसवलं, दिवा लावला. "हनुवटी वर. इकडे बघा."

"ते मी केलं होतं," ती म्हणाली. "वहिनीला घेऊन गेले होते. तुम्ही येणार नाही हे माहीत होतं, म्हणूनच गेले. आणि बैठकीत खोटं बोलले."

त्याने कॅमेऱ्यामागून डोकं काढलं नाही.

"वीस वर्षं मोजत होतो मी," तो म्हणाला. "मला एकट्याला येऊन सांगू नका, बाई. जिथे बोलला नाहीत, तिथे बोला."

ती त्याच संध्याकाळी समितीसमोर बोलली, दवाखान्यातल्या त्याच बाकांवर. कुणी ओरडलं नाही. डॉक्टरांनी फक्त हात पुढे केला आणि तिने शिट्टी आणि किल्ली त्यावर ठेवली. फोटोवाल्याला समितीने माफीचं पत्र दिलं. त्याने वह्या परत नेल्या आणि सोमवारी तो मोजायला आला. तिच्याशी मात्र तो पुन्हा बोलला नाही.

घरी सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. वहिनी भाजी निवडत होती. हातातली जुडी तिने खाली ठेवली.

"परवानगी होती म्हणालीस."

"नव्हती."

"म्हणजे माझ्या अंगाखाली मेली ती." वहिनी भिंतीकडे बघत म्हणाली. "आणि मी हसत होते."

दोन दिवस ती जेवायला बसायची, उठायची, पण बोलायची नाही. हिला वाटलं, न सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आपलं ओझं उतरवून आपण तिच्या डोक्यावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, "मला त्या दातवाल्यांकडे ने."

डॉक्टरांनी हो म्हटलं आणि त्या शनिवारपासून वहिनी जंगलाच्या फाटकाशी घडीच्या खुर्चीवर बसू लागली. हिला आत जायची मनाई होती, म्हणून ही फाटकाबाहेर तिची वाट बघत उभी राही. वहिनीकडे शिट्टी नव्हती. ती येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगायची, "आत गेल्यावर डाव्या हाताला एक काळी जागा दिसेल. ती माझ्यामुळे झाली. मी तिथे अर्धा तास बसले होते, बस."

माणसं अवघडून ऐकत. पण दोरीखालून वाकणारे खूपच कमी झाले.

एका दुपारी एक बाई थांबली. "पण तुम्ही एकट्या कशा गेलात? या पायाने? कुणी नेलं तुम्हाला?"

"मीच हट्ट केला," वहिनी म्हणाली. "माझी नणंद नको नको म्हणत होती."

वहिनीने हट्ट केला नव्हता. जन्मात तिने कशाचाच केला नव्हता.

ही फाटकाबाहेरून पुढे आली. "खोटं आहे ते," ती त्या बाईला म्हणाली. "हिने काही मागितलं नव्हतं. मीच नेलं. आणि वर दुसऱ्यावर ढकललं."

बाई दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली, मग मान हलवून आत गेली. वहिनीने हिच्याकडे पाहिलं नाही. ती पुढच्या माणसाची वाट बघत, साडीचा पदर नीट करत बसून राहिली.