चढावरचे पक्षी

बाबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि दुसरा हात वर करून मागून येणाऱ्या दोन्ही मुलांना थांबवलं. किनाऱ्यावरून तंबूंकडे जाणारी वाट इथून एकदम उभी होत होती. भुसभुशीत वाळूत पाय रुतत होते.

"आता काय?" दादाने पाण्याचा कॅन खाली आदळला. "जन्मभर गच्चीवरची कबुतरं हाकलली आणि या सुट्टीत अचानक पक्षीमित्र!"

"गप रे. बगळा आहे."

धाकटीने त्या रोखाने पाहिलं. झुडपाच्या फांदीला पांढरी पिशवी अडकली होती.

"बाबा, ती पिशवी आहे."

दादा खो खो हसत कॅन उचलून पुढे झाला. बाबाही हसले, पण दुर्बीण काही खाली आली नाही. त्यांच्या सदऱ्याची गळपट्टी भराभर वरखाली होत होती.

प्राणिशास्त्र शिकलेल्या धाकटीला दोन दिवस एक गोष्ट खटकत होती, ती आत्ता कुठे जागेवर बसली. ओहोटीच्या चिखलात पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरत, तेव्हा बाबा दुर्बिणीला हातही लावत नसत. त्यांना पक्षी दिसायचे ते फक्त चढावर.

ती जवळ गेली.

"कधीपासून होतंय असं?"

"परत गेल्यावर दाखवतो डॉक्टरांना," बाबा पुटपुटले. "आईला इतक्यात नको सांगूस. किती वर्षांनी बाहेर पडलीय ती."

आई बरीच वर पोचली होती. तिला हाक मारायला धाकटीने तोंड उघडलं, तोच आई स्वतःच थांबली. मागे वळून तिने समुद्रावरच्या आभाळाकडे बोट केलं.

"अहो, तो बघा! तो कुठला हो?"

धाकटीने वळून पाहिलं. आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामं होतं.

"कुठे? मला तर काहीच दिसत नाही," दादा म्हणाला.

"तुला नाही दिसायचा. बस तू." आईने हातातली पिशवी टेकवली आणि पाय पसरून तीही वाळूत बसली. "सावकाश बघा हो. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?"

बाबांनी दुर्बीण समुद्राकडे वळवली. बोट तसंच आभाळाकडे धरून आई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.