उमाकांतचा ठोका

मित्रांनो, चेन्नईच्या अण्णा नगरातल्या एका चकचकीत ऑफिसात कधी गेलात, तर लिफ्टमधून बाहेर पडताच समोर काचेची पेटी दिसेल. तिच्यातला जुना ढोल तो मीच. माझ्या पायाशी पितळी पाटी आहे आणि तिच्यावर तमिळ आणि इंग्रजीत कोरले आहे, ‘आमच्या चाहत्यांचा आवाज’. हसू आले तर हसा, मला राग नाही. या पेटीत आल्यापासून माझ्यातून एकदाच आवाज निघाला आणि तो फाटण्याचा होता.

माझा जन्म साताऱ्याकडचा. आंब्याच्या लाकडाचे खोड, दोन्ही तोंडांना बकऱ्याच्या कातड्याची पाने आणि ती ताणून धरणारी सुती दोरी, एवढाच माझा संसार. मद्रासजवळ आवडी नावाचे गाव आहे; तिथल्या कारखान्यात नोकरीला असलेल्या मराठी मंडळींनी गणपतीसाठी मला मागवले, म्हणून मी रेल्वेने मद्रासला आलो. पंधरा वर्षे मिरवलो. मग मंडळाने मोठे स्पीकर आणले आणि माझी रवानगी क्वार्टर्सच्या जिन्याखाली, तुटक्या सायकलीशेजारी झाली. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरे काय!

तिथून मला उचलले उमाकांतने. कारखान्यात तो फिटर होता. शहरात नवा फुटबॉल क्लब निघाला तेव्हा त्याची मुलगी ऊर्मी दहा वर्षांची होती आणि तिला चेंडूचे भारी वेड. तिला सामन्याला नेताना एकदा तो मलाही घेऊन गेला. लोकलच्या सामानाच्या डब्यात माशांच्या टोपल्यांशेजारी बसून मी मैदानावर पोचलो. पूर्वेकडच्या स्टँडमध्ये उमाकांतने एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला थाप दिली आणि हजारभर माणसे उभी राहिली. तमिळ माणसांना गणपतीचा ताल ठाऊक नव्हता, पण पाय सगळ्यांचेच हलतात.

त्याच दिवशी राघोत्तम भेटले. ते तांबरम उपनगरातले, बँकेतून निवृत्त झालेले, घराणे तंजावरकडचे. त्यांची मराठी फार जुन्या वळणाची आणि तिला तमिळ हेल. उमाकांतला ती ऐकून पहिल्यांदा हसू यायचे, पुढे तिच्यावाचून करमेना. ऊर्मी त्यांना मामा म्हणू लागली.

सामना संपला की उमाकांत आधी माझी दोरी सैल करायचा. जिंकलो असलो तरी आधी दोरी, मग गळाभेट. ऊर्मीला तो सांगायचा, “वाजवायच्या वेळी ताणायचा, वाजवून झाला की सोडायचा. कायम ताणलेलं कातडं आतून मरतं.” ती गाठ सोडायला ऊर्मी बाराव्या वर्षी शिकली.

आमच्या स्टँडची एक रीत होती. दुसऱ्याच वर्षी आमच्यातला एक पोस्टमन वारला. पुढच्या सामन्याला त्याची बायको आली. खेळ सुरू होण्याआधी उमाकांतने टिपरू तिच्या हातात दिले आणि तिने माझ्यावर एकच ठोका मारला. त्या ठोक्यात नवरा गेल्याचे सगळे होते. तेव्हापासून नियमच पडला. आपल्यातला माणूस गेला, की त्याच्या घरच्याने एक ठोका द्यायचा. तो पडेपर्यंत स्टँडने काही वाजवायचे नाही, ओरडायचे नाही, गोल झाला तरी नाही. असे अकरा ठोके मी झेलले आहेत.

क्लब हरू लागला आणि स्टँडमधल्या खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या, तेव्हा मालकांना आमची आठवण झाली. गिरिधर सार त्यांचे नाव; तमिळ माणसे ‘सर’ला ‘सार’ म्हणतात. माणूस दुष्ट नव्हता हो. त्याला प्रेम हवे होते, पण दुकानात मागतात तसे, लगेच आणि बांधून. एकदा ते आमच्या स्टँडमध्ये आले. चेन्नईच्या घामाच्या धारांत गळ्यात लोकरी मफलर आणि पुढे चार अंगरक्षक. त्या अंगरक्षकांच्या पाठींमुळे मागच्या पाच रांगांना आमचा गोल दिसलाच नाही. लोकांनी त्यांना एकच गोष्ट सांगितली, स्टँडमागचा पिण्याच्या पाण्याचा नळ दोन वर्षे कोरडा आहे, तेवढा चालू करा. मालकांनी छातीवर हात ठेवला, तुम्ही माझे कुटुंब आहात म्हणाले आणि पुढच्या सामन्याला बिर्याणीची पाकिटे पाठवली. प्रत्येक झाकणावर त्यांचा हसरा फोटो होता. लोकांनी बिर्याणी खाल्ली आणि पाण्यासाठी रस्त्यापलीकडे गेले. फोटो पायाखाली तुडवले गेले, ते बहुधा त्यांना कुणी सांगितले नसावे.

मग कुणीतरी त्यांच्या कानावर माझे नाव घातले. कॅमेरा घेऊन ते थेट आवडीला उमाकांतच्या घरी आले. उमाकांतच्या बायकोने, कुमुदिनीने, फिल्टर कॉफी केली. सारांनी पेला ओठांपर्यंत नेला, फोटो झाला आणि पेला भरलेलाच खाली ठेवला. कुमुदिनीने तो पाहिला, पण उमाकांतने नाही पाहिला. सारा जन्म साहेबांपुढे उभा राहिलेला माणूस तो, मालक स्वतः दारात आले यातच विरघळला. त्यातून त्याला आताशा धाप लागायची, स्टेशनचे जिने चढवत नव्हते. ढोल ऑफिसात मानाने राहील आणि दर सामन्याला मैदानावर येईल, असे सारांनी वचन दिले. उमाकांतने एकच अट घातली, दोरी सैल ठेवा. क्लबच्या प्रसिद्धीचे काम बघणाऱ्या शर्मिष्ठा मॅडमनी ती फोनमध्ये टिपूनही घेतली.

पहिल्याच आठवड्यात मी फोटोत ढिला दिसतो म्हणून शर्मिष्ठा मॅडमनी माझी दोरी करकचून आवळली आणि वर क्लबच्या रंगाची फीत बांधली. दिवसरात्र एसीचा कोरडा वारा, वर दिव्याचा झोत. दर सामन्याला मला नेण्याचे वचन पहिल्याच सामन्याला विरले. महिने गेले आणि माझी पाने आतल्या आत चरचरू लागली. बघायला येणारे म्हणत, किती छान ठेवला आहे.

जानेवारीत उमाकांत गेला. कोवळ्या उन्हात पेपर वाचता वाचता गेला.

तेरावे झाले आणि राघोत्तम मला मागायला ऑफिसात आले. तीन दिवस त्यांना माझ्यासमोरच्या सोफ्यावर बसवून ठेवले. ते माझ्याकडे बघत आणि मी त्यांच्याकडे. चौथ्या दिवशी शर्मिष्ठा मॅडम आल्या. ठोक्याची कल्पना सारांना फार आवडली, म्हणाल्या. मात्र तो स्टँडमध्ये नको, मैदानाच्या मध्यावर होऊ दे, टीव्हीवर दिसेल. सारही येतील.

राघोत्तम म्हणाले, “आम्हांस टीव्ही नको, अम्मा. ढोल द्या. पोरीच्या हातून बापाचा ठोका पडू द्या, मग तुमचा तुम्ही घेऊन जा.”

त्यावर मॅडमनी ढोल क्लबच्या मालमत्तेत आहे याची आठवण करून दिली. राघोत्तमांनी घरी जाऊन ऊर्मीला विचारले. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षात होती. बाबांचा ठोका राहायला नको, कुठेही द्यायला सांगा, देते, म्हणाली.

त्या दिवशी मला मैदानाच्या मध्यावर तिवईवर ठेवले. ऊर्मी बापाचा जुना क्लबचा टी-शर्ट घालून आली होती. राघोत्तमांनी माझ्या पानावर अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला. दहा मिनिटे द्या, म्हणाले, दोरी सोडतो, पानाला ओला हात लावतो, असे वाजवू नका. उत्तर मिळाले, की टीव्हीची वेळ ठरलेली आहे.

सार माइक घेऊन पुढे आले. उमाकांत आपला थोरला भाऊ होता असे त्यांनी सांगितले आणि नाव मात्र उमाशंकर घेतले. स्टँडमध्ये कुणीही काही बोलले नाही, कारण रीत होती. ऊर्मीने टिपरू उचलले. तिचा हात मला ओळखत होता. आणि तेवढ्यात, मित्रांनो, सारांना गहिवर आला. त्यांनी तिच्या खांद्यावर हात टाकला आणि कुटुंबाचा पहिला ठोका मीच देतो म्हणून टिपरू तिच्या हातातून अलगद काढून घेतले. त्यांना वाटले असेल, यामुळे लोक आपल्याला जवळचा मानतील. त्यांनी ते बॅटीसारखे उगारले आणि सगळ्या ताकदीने हाणले.

माझे पान कडेपासून कडेपर्यंत टरकन फाटले.

ऊर्मी रडली नाही. ती त्या चिरेकडे बघत राहिली आणि तमिळमध्ये हळूच म्हणाली, “हा ठोका माझ्या अप्पांचा होता, सार.”

राघोत्तम ओरडत होते, उलटा करा, दुसरे पान शाबूत आहे. पण फाटलेला ढोल कॅमेऱ्यात दिसायला नको, म्हणून दोन माणसांनी मला कधीच उचलले होते. शिट्टी झाली आणि खेळ सुरू झाला.

ठोका पडलाच नव्हता. मग स्टँडने काय करावे? पूर्वेची बाजू नव्वद मिनिटे गप्प बसून राहिली. आमच्या क्लबने त्या दिवशी दोन गोल केले, वर्षभरातला एकुलता एक विजय मिळवला, आणि त्या बाजूने एक टाळी वाजली नाही. खेळाडू मैदानावर येतात त्या बोगद्यात मी पाण्याच्या खोक्यांवर पडून ती शांतता ऐकत होतो. एवढे मोठे शिव्याशाप मी जन्मात ऐकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या पडद्यावर त्याची चित्रफीत लागली. ‘चाहत्याला नव्वद मिनिटांची मूक श्रद्धांजली’. टिपरू हाणणारे सार, खाली मान घातलेली ऊर्मी, आणि ठोक्याच्या जागी कुठल्यातरी धडधाकट ढोलाचा घुमणारा आवाज. लाखो लोकांनी ती पाहिली. सारांचे डोळे खरोखर पाणावले होते. अखेर आपण त्यांच्यापर्यंत पोचलो, असे ते शर्मिष्ठा मॅडमना म्हणाले. मला पुन्हा पेटीत ठेवले, फाटकी बाजू भिंतीकडे करून.

दोन आठवड्यांनी ऊर्मी आली. ढोल परत मागितला तर नियम सांगितले गेले. नवे पान मी स्वतः बसवून आणते म्हणाली, तर ढोल आहे तसाच ठेवायचा असे सारांचे मत असल्याचे कळले. पण शर्मिष्ठा मॅडमना तिची दया आली असावी. त्यांनी काच उघडली आणि म्हणाल्या, दुसऱ्या बाजूने इथेच वाजव तुझा ठोका, आम्ही छान चित्रित करू.

ऊर्मीने तळवा माझ्या शाबूत पानावर ठेवला. किती वेळ ठेवला कोण जाणे. मग ती मराठीत, अडखळत, फक्त मला ऐकू येईल असे म्हणाली, “इथे नको.”

तिने रंगीत फीत सोडून बाजूला ठेवली. आवळलेल्या दोरीला नखे लागेनात, तेव्हा तिने गाठ दातांनी ओढली आणि फेऱ्यामागून फेरा सैल केला, बाराव्या वर्षी शिकली होती तसा. मग मागे न बघता लिफ्टकडे गेली.

मित्रांनो, कुणाची जीव लावलेली वस्तू तुमच्याकडे आली, तर ती कशी जपायची ते तिच्या माणसाला विचारा आणि त्याने सांगितलेले करा. मोठी भाषणे नकोत, पितळी पाट्याही नकोत. नळ मागितला तर नळ द्या. तो अजून कोरडाच आहे, आणि पूर्वेचा स्टँड अजून गप्प आहे. माझी दोरी मात्र सैल आहे. एक पान शाबूत आहे, आणि त्याच्यावर उमाकांतचा ठोका पडायचा राहिला आहे.