दुसऱ्या अदारचा दहावा

फ्रेखोच्या घरी सासूचं स्मरणाचं जेवण ठरलंय, ही बातमी बुलोरला घरच्या कुणी सांगितली नाही. सांगितली बाजारातल्या भाजीवालीनं. बुलोरनं कोथिंबिरीच्या ढिगाला हात घातला, तशी ती म्हणाली, "त्या जुड्या राहू दे गं आपा, त्या तुझ्या जावेच्या. सगळ्याच्या सगळ्या. गुरुवारी ताश्कंदचे मोठे लोक जेवायला येणारेत म्हणे तिच्याकडं."

बुलोरनं जुडी अशी खाली टाकली की जशी काही तिच्यात इंगळी होती.

सासू अदार महिन्यात गेली. तेव्हापासून दर अदारला हे जेवण बुलोरच्याच घरी. ती थोरली सून. बुखाऱ्याच्या ज्यू मोहल्ल्यात जी काही घरं अजून उघडी होती, ती सगळी त्या दिवशी तिच्या दारात यायची. हिरवा भात, बख्श, ती स्वतः कढईतून वाढायची, आणि कुणाच्या ताटात काळजाचे तुकडे किती पडतात त्यावरून लोकांना कळायचं की यंदा बुलोरची मर्जी कुणावर आहे. धाकटी जाऊ फ्रेखो मागं बसून कांदे चिरायची. ती तिथंच शोभते, असं बुलोरचं मत होतं, आणि ते तिनं कधी लपवलं नव्हतं.

घरी येऊन तिनं पिशवी आपटली. नवरा ओशर सांदलीपाशी, रजईत पाय खुपसून, निखाऱ्यांची ऊब घेत बसला होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"काय?"

"काय म्हणून विचारताय म्हणजे ठाऊक होतं."

"मनोशेर बोलला होता," ओशर म्हणाला. "तू रागावशील म्हणून मी..."

"मी रागावते? मी कधी रागावते?"

ओशरनं रजई गुडघ्यांवर ओढून घेतली. न्हावी होता. उभा जन्म परक्यांच्या गळ्यावर वस्तरा फिरवला, हात कधी थरथरला नाही. पण बायकोनं असं काही विचारलं की त्याला घाम फुटायचा.

मनोशेर म्हणजे फ्रेखोचा एकुलता एक. दातांचा डॉक्टर. मोहल्ल्यातले निम्मे सोन्याचे दात त्याच्या हातचे. बाप लवकर गेला, फ्रेखोनं शिवणकाम करून त्याला शिकवलं. रशियनांचं राज्य गेलं आणि लोकांना परदेशाची वाट मोकळी झाली, तशी घरंच्या घरं उठून गेली. कुणी न्यूयॉर्कला, कुणी इस्रायलला. जे राहिले ते एकमेकांचं तोंड बघेनात. हा त्याच्या लग्नाला जाणार नाही, तो ह्याच्या मर्तिकाला येणार नाही. म्हणून त्या हिवाळ्यात मनोशेरनं पुढाकार घेऊन एक समिती काढली. ज्यू समाज एक करायचा, त्याला पुन्हा बळ आणायचं. समितीत एकापेक्षा एक माणसं. लग्नात गाणारा नामांकित गवई इल्योस हाफिज, रेशमाचा व्यापारी रफोएल, ताश्कंदच्या शाळेच्या मोठ्या बाई तमारा पिन्हासोव्हना, समरकंदचे एक वकील, एक इंजिनिअर. आणि या समितीची पहिली बैठक कुठं? फ्रेखोच्या घरी, सासूच्या जेवणाला.

"दात, गाणं, कापड आणि शाळा," बुलोर म्हणाली. "समाज एक करतायत! आधी एका घरातल्या दोन चुली नीट बघा म्हणावं."

पण तिच्या पोटात सलत होतं ते जेवण नव्हतं, निदान नुसतं जेवण नव्हतं. बुलोरला तीन मुलगे. दोन न्यूयॉर्कला, एक इस्रायलमध्ये, रामल्याला. तिघांना तिनं हौसेनं नटवून-सजवून पाठवलं, आणि तिघं सणाला फोन करतात, तेही घाईत, तिकडून कुणीतरी हाक मारत असतं. फ्रेखोचा एकच, आणि तो राहिला. विहिरीवर, दुकानात, प्रार्थनाघराच्या बायकांच्या खोलीत, जिथं जावं तिथं तेच. फ्रेखोचा राहिला बघ. फ्रेखो नशीबवान. फ्रेखोनं कसं वाढवलं बघ. जणू बुलोरनं आपली पोरं रस्त्यावर टाकून दिली होती.

संध्याकाळी मनोशेर रीतसर बोलवायला आला. बरोबर त्या तमारा बाई.

"यांगाजान, गुरुवारी तुम्ही दोघांनी लवकर यायचं," तो काकूला म्हणाला. "तुम्ही नसाल तर आजीचं जेवण कसलं?"

"कुठल्या अदारचं जेवण रे बाळा?"

मनोशेरचा चेहरा जरा उतरला. त्या वर्षी अधिक महिना होता. अदार दोनदा येणार होता, पहिला आणि मग दुसरा.

"पहिल्या अदारचं. प्रार्थनाघरातले नवे रब्बी म्हणाले चालतं."

"नवे रब्बी परवा परदेशातून आले. त्यांच्याकडं मासासुद्धा साखर घालून करतात. आपल्या बुखाऱ्याच्या म्हाताऱ्यांनी अधिक महिन्याच्या वर्षी नेहमी दुसऱ्या अदारला जेवण घातलंय. तुझी आजी तसंच करायची. तिच्या नावानं जेवण घालायचं आणि तिचाच दिवस चुकवायचा?"

तमारा बाईंनी हसून हात पुढं केला. "बुलोर-आपा, पहिला काय, दुसरा काय. आपण सगळे एकत्र येतोय हे महत्त्वाचं."

"बाई, तुम्ही शाळेत पहिलीतलं पोर दुसरीत बसवता का?"

"नाही, पण..."

"मग माझ्या सासूला कशाला बसवताय? तुम्ही जेवा गुरुवारी. पोटभर जेवा. मी दुसऱ्या अदारला माझ्या घरी घालेन. ज्याला यायचं तो येईल."

मनोशेर काकाकडं, ओशरकडं वळला. "अमाक, तुम्ही तरी या. तुमची आई ती."

ओशरनं बायकोकडं बघितलं. बुलोर चहाची किटली पुसत होती. स्वच्छ किटली, पण पुसत होती.

"बघतो," ओशर म्हणाला.

गुरुवार उजाडला. दुपारपासून गल्लीच्या पलीकडून कोथिंबिरीचा आणि तळलेल्या माशावर ओतलेल्या लसणाचा वास यायला लागला. बुलोरनं खिडकी लावली. मग वास येईनासा झाला म्हणून परत उघडली. लसूण करपला असता तर तिला बरं वाटलं असतं, पण करपला नव्हता. पडद्याआडून ती बघत राहिली. इल्योस हाफिज आला, लोकरीची उंच टोपी घालून, जणू लग्नाला. रफोएल व्यापारी आला. तमारा बाई दारात उभं राहून सगळ्यांचं स्वागत करत होत्या, जशा काही त्याच सूनबाई. आणि बायका! ज्या बायकांनी बुलोरच्या हातचं वर्षानुवर्षं खाल्लं, त्या नवी शाल पांघरून फ्रेखोच्या दारात जोडे काढत होत्या. एकीनंही मान वळवून बुलोरच्या खिडकीकडं बघितलं नाही.

मागं ओशर कोट चढवून, टोपी घालून, जोडे घालून बसला होता. सकाळपासून.

"जोडे काढा. सतरंजी मळतेय."

"पाय गार पडतात," ओशर म्हणाला.

दिवे लागायला आले तशी फ्रेखोच्या घरातली चाहूल बदलली. कुणीतरी दारात येऊन रस्ता बघून आत गेलं. मग दुसरं कुणीतरी. मनोशेर बाहेर आला, कोपऱ्यापर्यंत जाऊन हात चोळत परतला. बुलोरच्या लगेच ध्यानात आलं. समरकंदचे दोघे आले नव्हते. पुरुष नऊच होते. दहा पुरुष असल्याशिवाय गेलेल्यासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणता येत नाही, आणि कद्दिशशिवाय ते जेवण म्हणजे नुसता भात.

दहावा तिच्या सांदलीपाशी जोडे घालून बसला होता.

बुलोर हसली नाही. पण तिनं पडदा बाजूला सारला, म्हणजे ती तिथं आहे हे गल्लीला दिसावं.

जरा वेळानं फ्रेखो स्वतः आली. डोक्यावर शाल नाही, पायांत घरातल्या सपाता, बाह्या कोपरापर्यंत वर. तिनं दार वाजवलं नाही, ढकललंच.

"आपा, ओशर-अका पाहिजेत. अर्ध्या तासासाठी."

"कशाला? तुझ्याकडं तर मोठमोठी माणसं आलीत."

"समरकंदची गाडी वाटेत बंद पडली. नऊ आहेत."

"मग गवयाला सांग दोन आवाजांत म्हणायला."

ओशर उठला. बुलोरनं नुसतं वळून पाहिलं, तो खाली बसला.

"ओशर-अकांची आई आहे ती आपा," फ्रेखो म्हणाली.

"तिचा दिवस दुसऱ्या अदारात आहे. सगळ्यांसमोर म्हण. म्हण की फ्रेखो चुकली. तिथं उभं राहून, त्या ताश्कंदवालीसमोर. मग माणूस ने."

तिला वाटलं होतं फ्रेखो रडेल. नाहीतर भांडेल. भांडली असती तर किती मजा आली असती. फ्रेखो म्हणाली, "म्हणते. चल."

"काय म्हणतेस?"

"म्हणते की. तुझाच दिवस खरा. मलाही ठाऊक आहे. मी काय आज आले या घरात?"

बुलोरच्या हातातलं कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. "मग ठाऊक असून पहिल्या अदारात का घातलंस?"

फ्रेखोनं मागं बघितलं, दार लोटून घेतलं. "दुसऱ्या अदारात मी इथं नसेन. मनोशेरची तिकिटं आलीत. न्यूयॉर्कची. तिघांची, सुनेची पण. पुढच्या आठवड्यात जातोय. आईची कबर आहे त्या गावात हे शेवटचं, म्हणून घातलं. समितीला सांगितलेलं नाही."

ओशरनं टोपी काढली आणि परत घातली.

"समिती तोच काढतो," बुलोर म्हणाली, "आणि तोच पळतो?"

"त्याला वाटलं, जायच्या आधी काहीतरी नीट बांधून द्यावं. हसू नकोस गं."

बुलोर हसत नव्हती. कित्येक वर्षं ती हे ऐकायला टपली होती. फ्रेखोचाही गेला, हे दोन शब्द. तिला वाटायचं, ते कानावर पडले की छातीवरचा धोंडा उतरेल. पण त्याच्या जागी दुसराच येऊन बसला. माझी पोरं मला इथं टाकून गेली. हिचा हिला बरोबर घेऊन चाललाय.

"उठा," ती ओशरला म्हणाली. आणि स्वतः शाल घेतली. नवी.

कद्दिश झाली. ओशरचा आवाज मधेच चिरकला, पण दहा जणांचं आमेन भिंतींना लागून परत आलं. मग फळाची, भाजीची, भाकरीची, एकेका जिनसेवरची प्रार्थना म्हणून लोक जेवायला बसले. बायकांच्या पंगतीत बुलोरला वरची जागा दिली. तिनं ती देण्याआधीच घेतली होती.

फ्रेखोनं वचन पाळलं. हातात वाढायचा डाव घेऊन ती दोन्ही खोल्यांच्या दारात उभी राहिली. "ऐका जरा. आजचा दिवस मी माझ्या सोयीनं घातला. खरा दिवस दुसऱ्या अदारात आहे, माझ्या थोरल्या जावेच्या घरी. ती बरोबर होती."

इल्योस हाफिजनं टाळी वाजवली. "बघा! याला म्हणतात एकोपा! आम्ही भाषणं करतो, या बायका करून दाखवतात."

सगळ्यांनी फ्रेखोकडं बघितलं. केवढं मन! केवढा मोठेपणा! बुलोर बरोबर होती, पण कौतुक चुकलेलीचं चाललं होतं.

"अशी आई, म्हणून असा मुलगा," तमारा बाई म्हणाल्या. "सगळे चाललेत, आणि हा बघा, राहिला."

"राहिला गं राहिला," बाकीच्या बायका म्हणाल्या. "फ्रेखो, काय नशीब काढलंस गं?"

फ्रेखोच्या हातातला डाव थांबला. पुरुषांच्या खोलीत मनोशेर मान खाली घालून माशातले काटे काढत होता. एक शब्द, फक्त एक, आणि त्या मायलेकांचं बिंग सगळ्यांसमोर फुटलं असतं. बुलोरच्या जिभेवर तो शब्द आला. गोड होता. तिनं पाण्याचा घोट घेतला.

"राहिला म्हणून काय झालं?" ती मोठ्यांदा म्हणाली. "परवा माझी दाढ उपटली त्यानं. अजून सुजलीय. हा अमेरिकेला गेला असता तर निदान माझे दात वाचले असते!"

बायका हसून लोळल्या. पुरुषही हसले. फ्रेखो वळून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

जेवणं उरकली, हिरवा चहा आला, तशी बुलोर उठून पुरुषांच्या दारात गेली. "समितीची माणसं कुठायत? समाज एक करायला आलात ना? मग सांगा, दुसऱ्या अदारला माझ्याकडं कोण येणार? भाषण नको. आमेन म्हणायला माणूस हवाय."

रफोएल व्यापाऱ्यानं घसा साफ केला. त्याला त्या आठवड्यात इस्तंबूलला जायचं होतं. शेजारचे बापलेक तोवर इस्रायलला निघालेले. इल्योस हाफिजचं नवोईला लग्नाचं गाणं ठरलं होतं.

"बघा, दातवाला राहतो, बाकीचे पळतात," रफोएल म्हणाला आणि स्वतःच हसला.

"तुमची तोंडं कशी चालतात हो," बुलोर म्हणाली. "म्हातारीनं तुमच्यातल्या निम्म्यांना कडेवर घेतलंय. इल्योस, तुझ्या लग्नात रात्रभर भात कुणी ढवळला? नवोईवाल्यांना सांग घसा बसलाय."

इल्योसनं डोकं खाजवलं. "येतो," तो म्हणाला. "घसा बसला तर बसला." मग तमारा बाईंनी ताश्कंदहून दोन मास्तर पाठवायचं कबूल केलं. म्हातारे होतेच. बुलोरनं बोटांवर धरलं, परत धरलं. नऊ.

"नऊच बोटं का धरलीस? मनोशेर आहे की," कुणीतरी म्हणालं.

मनोशेरनं वर बघितलं. बुलोरनं त्याच्याकडं बघितलंच नाही. "बघू," ती म्हणाली आणि बायकांत येऊन बसली.

फ्रेखो किटली घेऊन आली. बुलोरची पियाली भरताना वाकली, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशी कानाशी म्हणाली, "तिकिटं पुढं ढकलायला सांगते त्याला. वल्हांडणाच्या सणापर्यंत थांबतो आम्ही. तुझा दहावा मनोशेर."

"माझ्यासाठी नको."

"तुझ्यासाठी नाही गं. कांदे चिरायला येईन."

बुलोरनं चहा उचलला. चटका बसला तरी पियाली खाली ठेवली नाही. आता सबंध महिना हिचे उपकार डोक्यावर घेऊन वावरायचं. दुसऱ्याच्या तोंडून हिचं कौतुक ऐकण्याची तिला सवय होती. त्याला उलटं बोलून मोकळं होता यायचं. हा उपकार मात्र तिला एकटीलाच ठाऊक, आणि कुणापाशी बोलून दाखवायची, चारचौघींत नाक मुरडायचीसुद्धा सोय नव्हती.