पाटावरचा फोन

कुंभारीत कुंडलिकच्या घरी त्या संध्याकाळी नवरदेवाच्या पाटावर फोन उभा केला होता.

नवरदेव अभिमन्यूचं मालवाहू जहाज मुंबईला लागलं होतं. किनाऱ्यावर एका रात्रीची रजा, सकाळी पुन्हा समुद्र. तो आणि जहाजावरचा सोबती यशपाल मुंबईत लॉजवर, आणि इकडे साखरपुडा. पूर्वी नवरदेव लढाईवर असला की पाटावर त्याची तलवार ठेवत म्हणे. आम्ही ते ऐकून हसायचो. आता फोन ठेवतात आणि कुणी हसत नाही.

आत कुंडलिकची लेक ऋतुजा शाळेच्या गणवेशातच हटून बसली होती. "आई, दिवाळीला लगीन, मार्चला परीक्षा. दहावी तरी देऊ दे की गं."

"तुझ्या बापाला सांग," म्हणत मथुराबाई लेकीच्या वेण्या सोडू लागल्या.

बाहेर अभिमन्यूची आई विजयमाला फोनला ओवाळत होती. "उरका. समिंदरात गेल्यावर फोन लागत न्हाय." तिनं पडद्यावरच्या लेकाच्या कपाळावर कुंकू दाबलं आणि बोट लागून कॅमेरा उलटा फिरला. फोनची पाठ नेमकी आतल्या खोलीकडे होती.

"आई, ती रिबनवाली कोण? ऋतुजाची धाकटी बहीण व्हय?"

ऋतुजाच दारात आली. "मीच ऋतुजा. दहावीला हाय."

"मला तर वीस वर्सांची सांगितली!"

"व्हईल की संसार करता करता," मध्यस्थ अण्णाराव म्हणाले. बायका हसल्या.

"अभ्या, तुझी बहीण हिच्याएवढीच हाय की," पलीकडून यशपाल बोलला.

"मला न्हाय करायचं हे लगीन. आई, ऊठ तितनं."

विजयमाला तणतणत निघून गेली. वाटलं, पोर सुटली. कसली सुटते!

"जहाजावरच्या माणसाचा काय भरवसा," अण्णाराव पोह्यांची बशी उचलत म्हणाले. "अक्कलकोटचं स्थळ हाय. पोरगा जमिनीवरचा."

"उद्याच बोलवा," कुंडलिक म्हणाला.

कायदा आला, गावात शाळा आली, शिकलेली माणसं त्याच सतरंजीवर बसली होती. पोरीचं वय काढलं ते दूरच्या एका खलाशानं. बाकीच्यांनी पोहे संपवले.

"बोलवा," ऋतुजा म्हणाली. "त्यालाबी वय सांगते. त्येच्या म्होरच्यालाबी."

कुंडलिकनं हात उगारला. मथुराबाई मध्ये आल्या.

"हात खाली घ्या. माझ्या येळंला मधी कुणी आलं न्हवतं."