एकशे चाळीस, हो ना?

मी एक जुना लाकडी कर्णा आहे. जावा बेटावरच्या एका कातारी म्हाताऱ्याने मला फणसाच्या लाकडातून घडवले. माझे रुंद तोंड गरोदर बाईच्या पोटावर टेकवतात, दुसऱ्या टोकाला सुईण कान लावते आणि पोटातल्या बाळाचे ठोके ऐकते. निरोगी बाळाचे मिनिटाला साधारण एकशे चाळीस पडतात. मित्रांनो, ते ठोके एका वेळी एकाच कानाला ऐकू येतात. माझ्या भीतीचे मूळ तिथेच आहे.

पूर्वी आरोग्य केंद्रात मला मोठा मान होता. मग विजेचे यंत्र आले आणि मी खणात जाऊन पडलो. पण सुईणकामाची पदवी घेणाऱ्या मुली प्रात्यक्षिकाला येत, तेव्हा त्यांचे गुण ठरवायला मलाच बाहेर काढत.

गुण देत इबू सुलास्त्री, केंद्रातल्या मुख्य सुईण. आमच्याकडे मोठ्या बाईंना मानाने 'इबू' किंवा नुसते 'बू' म्हणतात. बाई लोण्याहून मऊ. पाहुण्या मुलीचा चारचौघांत पाणउतारा होऊ नये, म्हणून तिने कान लावताच त्याच हसून विचारत, "एकशे चाळीस, हो ना?"

"हो, बू," मुलगी म्हणे. मोठ्यांना नाही म्हणायचे कसे? झाले, पैकीच्या पैकी! रातिह नावाच्या एकीने मात्र "मला नीट ऐकू आलं नाही, बू," असे खरे सांगितले, तर आत्मविश्वासाचे गुण कापले गेले. पुढच्या मुली त्यातून काय ते शिकल्या. कित्येकींनी मला उगाच कानाला लावलेले मला कळत होते. पण मी बोलणार कसा?

एके सकाळी वेनिंगची पाळी आली. शेवटचे प्रात्यक्षिक, नापास झाली तर अख्खे वर्ष पुन्हा. पलंगावर भाजीवाली तुमिनाह कळा सोसत होती, तरी तिची थट्टा चालूच होती.

"नीट ऐक गं पोरी. बापावर गेलं असेल तर आत घोरत पडलं असेल."

वेनिंगने कान टेकला. मला ठोके ऐकू आले आणि मी आतून गार पडलो. ते फार सावकाश होते. एक पडे, आणि दुसरा येतो की नाही असे वाटे.

"एकशे चाळीस, हो ना?" इबूंनी विचारले.

हो म्हटले की पदवी हातात. बोल गं बाई, मी मनात ओरडत होतो, बोल!

"नाही, बू."

"काय?"

"शंभराच्याही खाली आहेत. मी तुमिनाहताईंची नाडी धरूनच मोजले, बू. हे बाळाचेच ठोके आहेत."

"अगं, घाबरलीस म्हणून चुकली असशील. पुन्हा ऐक."

"तुम्ही ऐका ना, बू. पाया पडते तुमच्या."

इबूंचा चेहरा लाल झाला. पण त्या वाकल्या, कान लावला, आणि तो लाल रंग पार उतरला. "तुमिनाह, डाव्या कुशीवर हो! गाडी काढा रे!"

तुमिनाहची थट्टा थांबली. "माझं बाळ जिवंत आहे ना गं?" ती विचारत राहिली.

दुपारी मोठ्या इस्पितळातून निरोप आला. पोट कापून काढावे लागले, पण बाळ रडले.

वेनिंग कोपऱ्यात उभी होती. "बू, मी उलट बोलले. माझे गुण जातील का?"

इबू मटकन खाली बसल्या. "तुझं सोड गं. आधीच्या पोरींना मी कशाचे गुण दिले?"

मित्रांनो, कुणाची परीक्षा घ्यायची वेळ आली, तर उत्तर आधी त्याच्या तोंडात घालू नका. स्वतःही कान लावून बघा. मला जपले नाहीत तरी चालेल, पण एवढे जपा. कारण त्या "हो, बू" म्हणणाऱ्या मुली आता पदव्या घेऊन गावोगावी एकट्याच बाळंतपणे करतात. तिथे त्यांना आकडा सांगायला कुणी नसते. आज त्यांच्यापैकी कुणी कान लावला असेल, तर तिला काय ऐकू येत असेल, या विचाराने मला अजून धडकी भरते.